हलका, मधला, भारी

आज कोणता वार आहे हे आमच्या घरमालकीणबाईंना सहसा माहीत नसायचं. पण आज कोणता दिवस आहे हे मात्र पक्कं माहीत असायचं. दिवस तीनच: हलका, मधला आणि भारी. ते संपले की पुन्हा हलका. यात रविवार नव्हता, सणवार नव्हते, ग्रहण नव्हतं. दिवाळीचा पाडवा मधल्या दिवशी आला तर तो मधल्या दिवसासारखाच पार पडायचा.

बाई वजनं उचलायच्या. साठी उलटलेली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. अंगात ट्रॅकपँट आणि वर शाळेच्या कुठल्याशा स्नेहसंमेलनाचा टी-शर्ट. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "जमलं न्हाई" म्हणायच्या, पलूसची बस चुकल्यासारखं.

मी विम्याच्या कचेरीत बदली होऊन सांगलीला आले आणि विश्रामबागेच्या मागं त्यांची वरची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, मटण शिजवतेस का हे विचारलं नाही, रात्री किती वाजता घरी येतेस हेही विचारलं नाही. अंगणातली भरलेली बादली दाखवून म्हणाल्या, "एका हातानं धर." मी धरली. त्या माझ्याकडं न बघता माझ्या दुसऱ्या खांद्याकडं बघत राहिल्या. मग बादली दुसऱ्या हातात घ्यायला लावली.

"डावी बाजू आळशी हाय," त्या म्हणाल्या. "घे खोली."

बाईंचं माहेर, म्हणजे एकुलतं एक घर, जतकडचं. वडील मेंढरांमागं फिरायचे. बाई वसतिगृहात राहून शिकल्या आणि सांगलीच्या झाल्या. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी हाडं ठिसूळ होताहेत म्हणून सांगितलं आणि रोज सकाळी फिरायला जा म्हणाले. बाईंना तो सल्ला पटला नाही. आमच्या पिढ्यान् पिढ्या चालण्यातच गेल्या, त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तरी माझ्या आईची हाडं ठिसूळच झाली. तेव्हा चालून बघायचं आता शिल्लक नाही, दुसरं काही तरी सांगा. डॉक्टरांनी जरा विचार करून वजनं उचला म्हणून सांगितलं. मला वाटतं, ते गमतीनं म्हणाले असावेत.

बाई जिममध्ये गेल्या. तिथल्या माणसानं त्यांना गुलाबी रंगाचे दोन छोटे डंबेल्स दिले आणि रोज हेच, एवढंच, असं समजावलं. बाईंनी महिनाभर ते केलं आणि मग त्याला विचारलं की रोज हेच का. सवय लागते, तो म्हणाला. सवय लागली की शरीर काम थांबवतं, बाई म्हणाल्या. ही गोष्ट त्यांना शाळेतल्या शिक्षकांवरून माहीत होती. "रोज तेच वजन दिलं की शरीराची नोकरी पक्की होती. मग ते सही करून बसून ऱ्हातं."

तीन दिवसांची कल्पना त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. वडिलांच्या मेंढरांवरून घेतली होती. मेंढरं रोज सारखी चालवत नाहीत. एक दिवस लांबची मजल, एक दिवस जवळची, आणि एक दिवस कुणाच्या तरी शेतात खतासाठी नुसती बसवायची. रोज लांब नेलं तर मेंढरू मरतं आणि रोज बसवलं तर माजतं, एवढं साधं होतं ते. बाईंनी मेंढरांच्या जागी स्वतःला घातलं. पुढं मोठ्या जिममधली शिकलेली मुलं असंच काहीसं सांगतात हे त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. त्यांना वाटलं, चला, मुलं अभ्यास करताहेत.

खालच्या मागल्या खोलीत त्यांनी सामान जमवलं. लोखंडी बार, प्लेटा, खाली रबराची चटई, आणि गूळ. सांगलीत गुळाला तोटा नाही, आणि गुळाची ढेप हव्या त्या वजनाची मिळते. बाई ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरून जाड कापड शिवायच्या आणि धरायला बंद लावायच्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून खोलीभर भिंतीलगत हळदीची रेघ ओढलेली असायची, त्यामुळं आत शिरताना देवळात शिरल्यासारखं वाटायचं. घरातला गूळ संपला की चहासाठी मधल्या दिवसाची ढेप थोडी फोडली जायची. महिनाअखेरीला मधला दिवस हलक्याकडं सरकायला लागला की बाई बाजारातून नवी ढेप आणायच्या.

भारी दिवशी बार खाली ठेवला की माझ्या मांडणीवरची भांडी वाजायची. त्यावरून मला वरच्या मजल्यावरही दिवस कळायचा, आणि कळणं गरजेचं होतं. कारण बाईंचं सगळंच त्या तीन दिवसांवर चालायचं. हलक्या दिवशी ताक-भात आणि गोड बोलणं. नळ गळतोय, भिंतीला ओल आलीय असल्या तक्रारी मधल्या दिवशी न्यायच्या. भारी दिवशी काहीच न्यायचं नाही. त्या दिवशी झुणका असायचा आणि बाई स्वतः तक्रारी घेऊन बाहेर पडायच्या.

शेजारचे एक गृहस्थ त्यांची स्कूटर आमच्या फाटकाला आडवी लावायचे. हलक्या दिवशी बाई त्यांना माझ्याकडून निरोप पाठवायच्या. मधल्या दिवशी स्वतः जाऊन सांगायच्या. भारी दिवशी काही न बोलता स्कूटरचं मागचं चाक उचलून ती फिरवून त्यांच्याच दाराला आडवी लावायच्या. गृहस्थांना यातला क्रम कधीच उमगला नाही. बाईंचा स्वभाव फार बदलता आहे, असं ते मला सांगायचे.

आष्ट्याला एकदा वजन उचलण्याच्या स्पर्धा होत्या. ज्येष्ठ महिलांचाही गट ठेवला होता. मी फार मागं लागले म्हणून बाईंनी नाव दिलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की स्पर्धा हलक्या दिवशी येते. त्यांनी आयोजकांना फोन करून स्पर्धा दोन दिवस पुढं ढकलता येईल का, असं विचारलं. आयोजक नम्रपणे नाही म्हणाले. मी म्हटलं, आधी एखादा दिवस पुढंमागं करून घ्या, म्हणजे बरोबर भारी दिवस येईल. बाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी विषुववृत्त थोडं सरकवा म्हणाले होते.

आम्ही एसटीनं आष्ट्याला गेलो. हॉलमध्ये तरुण पोरं छातीवर थापा मारत होती, अंगावर पावडर उडवत होती. ज्येष्ठ महिलांच्या गटात बाई एकट्याच होत्या. त्या मंचावर गेल्या, हलक्या दिवसाचं वजन सांगितलं आणि ते तांब्या उचलावा तसं उचललं. पंचांनी विचारलं, वाढवायचं का? बाई नाही म्हणाल्या. पुन्हा तेच उचललं. पंचांनी परत विचारलं. तुमच्यात अजून खूप दम दिसतो, असंही म्हणाले.

"हाय की," बाई म्हणाल्या. "पण आज हलका दिवस हाय."

एकट्याच असल्यामुळं सुवर्णपदक त्यांनाच मिळालं. दोन दिवसांनी भारी दिवस आला तेव्हा त्यांनी मला खाली बोलावून घेतलं आणि बारवर इतकी वजनं चढवली की मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. त्यांनी ते उचललं, क्षणभर धरलं आणि ठेवलं. माझी वरची सगळी भांडी खाली आल्याचा आवाज झाला. स्पर्धेत त्यांनी हे करून दाखवलं असतं तर पेपरात नाव आलं असतं. मी म्हटलं, हे कुणाला तरी कळायला हवं होतं.

"कुणाला?" बाई टॉवेलनं मान पुसत म्हणाल्या. "लोखंडाला कळलं की."

आई सांगलीत आली ती याच सुमाराला. मेढ्याला आमचं घर आहे, मागं उतारावर भाताची दोन खाचरं, गोठ्यात एक म्हैस. वडील गेल्यावर आई तिथं एकटी राहायची आणि तिला तसंच आवडायचं. पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. साताऱ्याला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. हाड जुळलं. आता हळूहळू सगळं करा, भुईवर बसलात तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. आई हो म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग ती खुर्चीतच बसून राहिली.

पाय दुखत नव्हता. तिला भुईची भीती बसली होती. मेढ्याच्या घरात भुईला टाळून जगता येत नाही. चूल खाली, धार काढायची तर उकिडवं बसायचं, झोपायला घोंगडी. पुण्याहून दादा आला, त्यानं सगळं बघितलं आणि ठरवलं की दिवाळीला म्हैस विकून टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईनं त्याच्याकडं राहायचं. त्यात काही चूक नव्हती. दादाचा फ्लॅट मोठा आहे, वहिनी चांगली आहे, लिफ्ट आहे. आई म्हणाली, "तू म्हणशील तसं." आयुष्यात ती कधी कुणाला असं म्हणालेली मी ऐकलं नव्हतं. तोवर म्हैस शेजारी सांभाळणार होते आणि आई काही महिने माझ्याकडं राहणार होती.

पहिल्याच हलक्या दिवशी बाई वर आल्या. आईला म्हणाल्या, "अक्का, भुईवर बसता का?"

आईनं आधी अक्का या शब्दाला हरकत घेतली. तुम्हीच मोठ्या आहात, मला अक्का काय म्हणता, म्हणाली. बाईंनी जन्मसाल सांगितलं. आईनं तिचं सांगितलं. दोघींचंही शाळेच्या दाखल्यावरचं साल अंदाजानं टाकलेलं होतं, त्यामुळं तो वाद मिटला नाही. पण आई बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी तावातावानं बोलत होती.

बाई आधी आमच्याबरोबर डॉक्टरांकडं आल्या, काय चालेल आणि काय नाही ते शिक्षिकेसारखं एकेक विचारून घेतलं. मग सुरुवात झाली. खुर्चीवर उशा रचून उंच केलेल्या बैठकीवरून हात न लावता उठायचं. उशा हळूहळू कमी होत गेल्या. मग स्टूल आलं, मग चौरंग. हातात धरायला कधी काहीच नाही, कधी पाण्याची बाटली, कधी छोटी ढेप. आईचेही तीन दिवस सुरू झाले.

आईला भारी दिवस आवडायला लागला आणि हलक्या दिवशी तिचं डोकं फिरायचं. काल एवढं उचललं, आज रिकाम्या हातानं का, म्हणजे मी काय मागं आले का? बाई सांगायच्या की आज नाही म्हणून परवा जास्त. आईला हे शहरी लाड वाटायचे. लावणीच्या दिवसांत आम्ही पहाटेपासून वाकलेलो असायचो, तेव्हा कुणी हलका दिवस दिला नाही, ती म्हणाली.

"म्हणूनच कंबर गेली," बाई म्हणाल्या.

आईची कंबर खरंच गेलेली होती.

एक दिवस संध्याकाळी मी कचेरीतून घरी आले तर स्वयंपाकघरात भुईवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये निवडलेल्या मेथीचा ढीग. शेजारी निवडलेली चवळी, निवडलेले तांदूळ, सोललेला लसूण. घरातलं निवडण्यासारखं सगळं संपलेलं दिसत होतं. आईचा चेहरा उतरला होता.

दुपारी जेवण झाल्यावर आईच्या मनानं घेतलं आणि ती आपली आपण खाली बसली. बसता आलं. उठता येईना. तिनं खिडकीतून हाक मारली, बाई वर आल्या. आईनं हात पुढं केला. बाईंनी तो धरला नाही. तिच्या समोर मांडी घालून बसल्या आणि मेथीची जुडी ओढून घेतली.

"तवापास्नं बसलीया ही," आई मला म्हणाली. "हाताला धरा म्हणलं, तर न्हाई म्हनती."

मी पर्स खाली टाकली आणि आईला उचलायला पुढं झाले. बाई म्हणाल्या, हात लावू नको. मग माझा तोल गेला. मी म्हटलं की तुम्ही रस्त्यातल्या स्कूटर उचलता, लोखंड उचलता, आणि माझ्या आईला दुपारपासून भुईवर बसवून ठेवलंत? तुम्हाला ती जड झाली का? बाई ऐकून घेत होत्या. लसणाचं साल बोटाला चिकटलं होतं ते काढत होत्या.

"जड कशाची," त्या म्हणाल्या. "एका हातानं उचलली असती. पण मेढ्यात कोण उचलणार हाय?"

आई खाली मान घालून बसली होती. मान वर न करताच ती मला म्हणाली, "तू सर जरा मागं."

आई आधी एका कुशीवर कलली. मग दोन्ही तळवे भुईला टेकून लहान मूल रांगतं तशी झाली. तिथं बराच वेळ थांबली, तिचा श्वास ऐकू येत होता. बाई एवढंच म्हणाल्या, की घाई नाही. आईनं चांगला पाय पुढं घेतला, गुडघ्यावर हात रोवला. पाय थरथरायला लागला, तशी मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती आणि पदर सारखा करत होती.

"चहा टाकू का?" ती म्हणाली.

बाई हो म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. इतका वेळ मांडी घालून बसल्यामुळं त्यांच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी त्यांनी आईपुढं हात केला. आईनं त्या हाताकडं नीट बघून घेतलं, मग धरला आणि ओढलं. "लय जड हाय ही बाई," ती मला म्हणाली.

चहा पिऊन बाई जायला निघाल्या तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. माफी मागायची होती, पण बाईंनी ती वेळ येऊ दिली नाही. त्या म्हणाल्या, "आज हलका दिवस व्हता म्हणून नुसती बसले. भारी असता तर उचललंच असतं मी."

मला ते खरं वाटलं. भांडी घासताना लक्षात आलं, की आदल्याच दिवशी मी गळक्या नळाची तक्रार घेऊन खाली गेले होते आणि बाईंनी ती ऐकून घेतली होती. म्हणजे काल मधला आणि आज भारी. पण मांडणीवरची भांडी आज एकदाही वाजली नसल्याचं आई म्हणाली.

दिवाळीच्या आधी आई मेढ्याला परत गेली. फक्त घर आवरायला जाते, असं तिनं दादाला सांगितलं. मी रजा काढून बरोबर गेले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आला, आणि त्याच्या मागोमाग म्हैस बघायला खालच्या गावचा एक माणूस आला. त्यानं म्हशीभोवती फेरी मारली, शिंगं बघितली, दात बघितले. दादा त्याच्याशी दुधाचं बोलत होता. आईनं दोघांना पडवीत बसायला सांगितलं आणि आत गेली.

आत चुलीपुढं ती उकिडवी बसली. मी दारात उभी होते, पण माझं लक्ष बाहेर होतं, त्या माणसाच्या तोंडाकडं. चहाला उकळी आली, तिनं तो गाळून किटलीत भरला आणि बाहेर घेऊन आली. कप भरले. मग ती त्या माणसाला शांतपणे म्हणाली, "आवं, म्हस इकायची न्हाई. धार काढायला मीच हाय हितं. तुमी चा घ्या."

माणसानं दादाकडं बघितलं. दादा आईकडं बघत होता. तो काहीतरी म्हणेल असं मला वाटलं, पण त्यानं कप उचलला आणि चहा प्यायला. मग म्हणाला, साखर जरा कमी आहे. माणूस निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुण्याला जाण्याआधी दादानं गोठ्यातली निसरडी फरशी काढून तिथं खडबडीत दगड बसवून घेतले.

मी संध्याकाळी गावाबाहेर रेंज मिळते तिथं जाऊन बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाईंना म्हशीत रस नव्हता, दादातही नव्हता. त्यांनी विचारलं, "चुलीपास्नं उठताना भुईला हात टेकला का?"

मी म्हटलं, ते मी बघितलं नाही.

"किटली कुठल्या हातात व्हती?"

"उजव्या."

"आणि डाव्यात?"

मी आठवून सांगितलं, की डाव्या हातात कपबशांचं ताट होतं. दोन्ही चुलीपुढं भुईवरच होतं, तिथून घेऊनच ती बाहेर आली होती.

"मग टेकला कुठला?" बाई म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन कुठंतरी ठेवला. बंद केला नाही, नुसता ठेवला. मग पलीकडं बाईंनी मोठ्यानं नाक शिंकरलं.